तेल वाढतं आहे

मंगळवार, ८ जुलै. संध्याकाळी ६.१०

गवत कापायचा मॉवर बिघडला. म्हणजे चालतो, पण दम्याच्या माणसासारखा. इंजिन चढतं, पडतं, चढतं, पडतं. निदान मी सीटवरून न उतरताच केलं : कार्बोरेटरमध्ये घाण. हिवाळाभर जुनं पेट्रोल टाकीत राहिलं. (ते मुद्दाम ठेवलं होतं. टाकी आतून गंजू नये म्हणून.)

बायको, आट्राक्टा, म्हणाली, कोल्मन टॅन्सीला बोलव, एका ॲपल टार्टवर करून देतो तो. मी तिला शांतपणे समजावलं. गावच्या दफनभूमीचं गवत सतरा वर्षं मी कापतो, कोल्मन नाही. फाटकाची किल्ली माझ्या खुंटीवर आहे, त्याच्या नाही. आणि ज्याला स्वतःचा कार्बोरेटर उघडता येत नाही त्याने मॉवरवर बसू नये, गाढवावर बसावं. ती म्हणाली, गाढव निदान गवत तरी खातं.

वीस तारखेला दफनभूमीचा रविवार. सगळा गाव आपापल्या माणसांच्या कबरीपाशी उभा राहणार, फादर लव्हेल एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत फिरणार. माझी सासू नोनी फेब्रुवारीत गेली. तिचा हा पहिला रविवार. नवा पांढरा दगड जूनमध्येच उभा केलाय. आट्राक्टाला मी शब्द दिलाय : तुझ्या आईभोवतीचं गवत गालिच्यासारखं करीन. तिने माझा हात दाबला. असं ती २०११ नंतर पहिल्यांदाच करते आहे.

बारा दिवस आहेत. मला दोन पुरेत.

बुधवार, ९ जुलै. सकाळी ९.४०

कार्बोरेटर स्वयंपाकघराच्या टेबलावर. खाली परवाचं वर्तमानपत्र. फोटो काढून ठेवले नाहीत. ज्यांना लक्षात राहत नाही ते फोटो काढतात.

रचना अगदी साधी. टाकीतून पेट्रोल एका वाटीत उतरतं. वाटी भरली की आतला फ्लोट वर तरंगतो आणि एक सुई भोकात बसवून पेट्रोल बंद करतो. न्हाणीघराच्या टाकीतला गोळा असतो तसंच. हे मी कुणाकडून शिकलो नाही, बघूनच कळलं.

दुपारी १२.१५. जेट, म्हणजे पेट्रोल सुटायचं बारीक छिद्र, तारेने साफ केला. तार पावाच्या पिशवीची. सगळे भाग पेट्रोलमध्ये भिजत घातले. भांडं खोलगट हवं होतं. नोनीची ग्रेव्हीची चिनी मातीची किटली नेमकी मापाची निघाली.

दुपारी १२.५०. सुई जिथे टेकते त्या भोकात मसुरीच्या डाळीएवढी एक काळी रबरी रिंग अडकली होती. टाचणीने उकरून काढली. हाच तो कचरा! पेट्रोलची वाट अडवून बसला होता. फेकणार होतो, पण मी काहीही फेकत नाही. ड्रॉवरमधल्या काड्यापेटीत टाकली.

दुपारी १.०५. आट्राक्टाने किटली पाहिली. मॉवर दुरुस्त होईपर्यंत तिच्या आईच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, असं ठरलं. ठरवलं तिनेच.

गुरुवार, १० जुलै. दुपारी ४.००

जोडला. फ्लोटची उंची कॅलिपरने मोजली : १३.० मिलिमीटर. पुस्तकात काय लिहिलंय ते बघितलं नाही. पुस्तक सगळ्या इंजिनांसाठी असतं, मला फक्त माझ्या इंजिनाशी काम आहे.

पहिल्याच चावीला सुरू. आवाज मांजराच्या घुरघुरण्यासारखा. चार मिनिटं चालवला, मग मनावर दगड ठेवून बंद केला.

पबमध्ये कोल्मन भेटला. सहज म्हणून विषय काढला. त्याने नाक खाजवलं आणि म्हणाला, चांगलं केलंस गड्या, फक्त यंत्र उभं असताना टाकीचा नळ बंद ठेवत जा, म्हणजे मी बिनघोर झोपेन. सांगितलं की तो नळ मी २०१९ सालीच काढून टाकला. सरळ नळी लावली. मध्ये उगाच एक जास्तीचा भाग. कोल्मनने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, इंजिनातलं तेल मोजायची पट्टी मात्र बघत जा रे रोज.

मत्सर माणसाला कुठल्या कुठे नेतो.

शुक्रवार, ११ जुलै. सकाळी ८.३०

पट्टी बघितली. त्याने सांगितलं म्हणून नव्हे, मी नेहमीच बघतो. तेल खुणेच्या चार मिलिमीटर वर. काल बरोबर खुणेवर होतं.

बहुतेक इंजिनं तेल पितात. माझं पीत नाही, हे मला ठाऊक होतं. आता दिसतंय की ते साठवतं.

शनिवार, १२ जुलै. सकाळी ८.३०

तेल : अधिक नऊ मिलिमीटर. पेट्रोल : टाकी पाव उतरली, मॉवर जागचा हलला नसताना. (उन्हाळा. बाष्पीभवन. बाहेर तेरा अंश होतं, पण पेट्रोलला तेवढं पुरतं.)

दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहिल्यामुळे एखाद्याला वाटेल, त्यांचा एकमेकांशी संबंध आहे. नाही.

कुत्रा गॅरेजमध्ये झोपत नाही. दारापर्यंत येतो, हुंगतो, माझ्याकडे बघतो आणि पावसात जाऊन बसतो. म्हातारा झाला.

रविवार, १३ जुलै

चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादर लव्हेल यांनी सर्वांसमोर सांगितलं की पुढच्या रविवारी कबरींना आशीर्वाद, आणि गवताचं लॉर्कन बर्न नेहमीप्रमाणे बघतीलच. मान डोलावली. बाहेर पडल्यावर ते हळूच म्हणाले, अहो लॉर्कन, गवत गुडघ्याला लागलंय, यंदा पाऊस भारी, कोल्मन म्हणतो दोन दिवस आधीच हात लावायला हवा. मी म्हणालो, फादर, शनिवारी एकदा कापलं की रविवारी ताजं दिसतं. आधी कापलं की पिवळं पडतं. ते म्हणाले, देव तुमचं भलं करो. हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं तो सूर मी आजवर फक्त आजाऱ्यांच्या खाटेशी ऐकला होता.

मंगळवार, १५ जुलै. सकाळी ८.३०

तेल : अधिक एकवीस. पट्टीवर खुणा संपल्या, पुढचं कॅलिपरने मोजावं लागतं. तेल पातळ, सोनेरी, सुंदर. वास थोडा पेट्रोलचा. सगळ्या गॅरेजलाच तो आहे, तेल तरी कसं सुटेल?

खालच्या फरशीवर ताटाएवढा ओला डाग. छत गळतं आहे. (नोंद : पाहुणे गेल्यावर छत.)

आट्राक्टाची तक्रार फ्रीजरबद्दल. तो गॅरेजमध्येच असतो. त्यात रविवारच्या पाहुण्यांसाठी हॅमचा अख्खा तुकडा ठेवलाय, त्याला पेट्रोल पंपाचा वास येतो म्हणे. शिवाय फ्रीजर आपोआप सुरू होताना आतून कट् असा आवाज येतो, तो ऐकला की तिच्या छातीत धस्स होतं. मी म्हणालो, अकरा वर्षं तो तसाच वाजतो. ती म्हणाली, अकरा वर्षं मला भीती वाटत नव्हती.

फ्रीजर तिने स्वतः ओढत ओढत परसात नेला. वर ताडपत्री. माझ्या मते अतिरेक. पाठीत उसण भरल्यामुळे मदत करता आली नाही.

बुधवार, १६ जुलै

पाच लिटर पेट्रोल घातलं. पंपावरचं पेट्रोल हल्ली फार लवकर उडतं. पंपावरच्या मुलीकडे तक्रार केली, ती म्हणाली, आजोबा, झाकण लावता ना? मी आजोबा नाही. चोपन्न वर्षांचा आहे.

शुक्रवार, १८ जुलै. संध्याकाळी ७.००

दिवसभर पाऊस. कॉव्हेंट्रीहून बोटीने मेहुणा एन्डा आला, खास आईसाठी. गॅरेजवरच्या खोलीत त्याची सोय केली. चहाला खाली आला तेव्हा चेहरा पांढराफटक. डोकं चढलंय म्हणाला, आणि स्वप्नात सगळा वेळ पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. बोटीतली व्हिस्की, दुसरं काय. आट्राक्टाने त्याचं अंथरूण बैठकीच्या खोलीत आणलं आणि वरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. पावसात. गालिचा भिजला.

खाली जाऊन पट्टी बघितली. मोजली नाही. तेल आता भरायच्या भोकाच्या तोंडाशी आलंय, पट्टीची गरजच उरली नाही. अंगावर किंचित काटा आला. गारठ्याने.

आट्राक्टाने विचारलं, उद्या नक्की ना? इतक्या हळू विचारलं की मी मोठ्याने हो म्हणालो.

शनिवार, १९ जुलै. सकाळी १०.२०

पाऊस थांबला. चावी फिरवली : ठक्. पुन्हा ठक्. जणू आतून कुणीतरी दार धरून ठेवलंय. बॅटरी उतरली. कारची बॅटरी जोडली. तिसऱ्या वेळी आत काहीतरी चुळबुळलं, आणि सुरू!

धूर पांढरा. दमट हवेमुळे. शेजारच्या गाई कुंपणापासून लांब गेल्या.

सकाळी ११.०५. दफनभूमी. आखणी फाटकापासून, दोरी लावून, सरळ पट्ट्यांत. नोनीची कबर आजची शेवटची, मुकुटमण्यासारखी. भिंतीपलीकडे कोल्मन उभा होता. ओरडला, लॉर्कन, आवाज ऐक त्याचा! मी हात केला. कौतुक स्वीकारायलाही शिकावं लागतं.

दुपारी २.३०. (हे डबा खायच्या बाकावर बसून लिहीत आहे.)

एकशे चौदा कबरींपैकी नऊ झाल्या होत्या. आतून टकटक येत होती, आधी पाहुण्यासारखी, मग वसुलीला आल्यासारखी. मला वाटलं, हे काम लवकर संपवावं, म्हणून क्रम सोडला आणि थेट नोनीकडे वळलो. निदान ती तरी. तिच्या दगडापासून चाळीस सेंटिमीटरवर असताना मोठा आवाज झाला. इंजिनाच्या कुशीला मुठीएवढं भोक. त्यातून सगळं तेल एका दमात बाहेर आलं, पंख्यासारखं.

पंखा पांढऱ्या दगडावर उमटला. नोनीचं नाव वाचता येतं. तारखा येत नाहीत.

आट्राक्टा फुलं घेऊन फाटकाशी उभी होती. केव्हापासून, माहीत नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फुलं भिंतीवर ठेवली, गुडघ्यांवर बसली आणि खिशातल्या रुमालाने दगड पुसू लागली. पुसलं तसा डाग पसरला. मी म्हणालो, गोलाकार पुसू नको, वरून खाली पूस. यापुढचं लिहीत नाही.

संध्याकाळी ८.४५. कोल्मन विळे घेऊन आला. मोठे, उभ्याने चालवायचे, त्याच्या बापाच्या काळातले. त्याच्यामागून आठ जण. एन्डाही, डोकं धरून. कोल्मन फक्त म्हणाला, तू कडा घे, कात्रीने. आठ वाजता शेवटची कबर झाली. उजेड अजून होता. निघताना फाटकाला कुलूप त्यानेच लावलं, किल्ली त्याच्याकडेच राहिली. मी मागितली नाही, त्याने दिली नाही.

कारण अजून कळलेलं नाही. इंजिनातलं पोलाद कच्चं असावं.

रविवार, २० जुलै

ऊन. गवत सुंदर, हे मान्य करायला हवं. कडा विशेष.

फादर लव्हेल पाणी शिंपडत आले. इतर दगडांवर पाणी पसरून ओलावलं. नोनीच्या दगडावर त्याचे मणी झाले आणि घरंगळून खाली आले. फादर थांबले, पुन्हा शिंपडलं. पुन्हा मणी. सगळा गाव बघत होता. कुणीतरी मागे खोकलं. एन्डा म्हणाला, आई कुणाचंच ऐकायची नाही, देवाचं तरी काय ऐकणार. तेव्हा आट्राक्टा हसली, मग रडली.

मग तिने मेणबत्ती लावायला पिशवीतून काड्यापेटी काढली. घरातून निघताना ड्रॉवरमधून उचललेली. उघडली. काड्यांबरोबर रबरी रिंग बाहेर पडली, गवतावर उडी मारून कोल्मनच्या बुटापाशी थांबली.

कोल्मनने ती उचलली. उजेडात धरली, तिच्या भोकावर सुई बसवावी तसं करंगळीचं नख टेकवलं. मग मॉवरकडे पाहिलं, तो अजून भिंतीपाशी होता. मग माझ्याकडे. मला वाटलं आता बोलेल. फादर उभे होते, सगळा गाव उभा होता. त्याने रिंग माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं मिटली आणि म्हणाला, प्रार्थना चालू आहे.

हे त्याने का केलं, याचा मी खूप वेळ विचार केला. त्याने मोठ्याने सांगायला हवं होतं.

सोमवार, २१ जुलै. सकाळी ७.३०

दगड धुतो आहे. दात घासायचा ब्रश, साबण, वरून खाली. डाग काल एकोणीस सेंटिमीटर, आज साडेअठरा. या वेगाने ऑगस्ट संपेपर्यंत तारखा दिसतील.

फाटक उघडायला कोल्मनकडे जावं लागलं.

आट्राक्टा थर्मास घेऊन आली. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, आईने मला एकदा विचारलं होतं, तुझ्या नवऱ्याला कशाचं तरी वेड आहे का, की तो कायमच असा? मी विचारलं, तू काय सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं, कायमच असा. मग आई म्हणाली, बरं, मग सवय होईल.

चहा ओतला. दोन कप आणले होते.

रिंग खिशात आहे. व्यास ५.१ मिलिमीटर.