कंट्रोल ऑल्ट पी म्हणजे पाणी

९ जानेवारी, बोरी अरब
नागपूरहून परतलो. डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले, बरं झालं. घशाचा कॅन्सर, स्वरयंत्र पूर्ण काढणार. जीव बहुतेक वाचेल, आवाज नाही. तंबाखूचा खर्रा कधी तोंडात घातला नाही, बिडी ओढली नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं. जसा काही त्यानं निकाल फिरणार होता. बसमध्ये ही यवतमाळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.
सारी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली. गावातलं लग्न असो, सत्कार असो, शोकसभा असो, माईकवर मीच. आता दुसरा कोणी बघा म्हणावं.

११ जाने.
देशकर आला होता. आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, माझ्याच बरोबरीचा. पेनड्राईव्हमध्ये दोन फुकटातली सॉफ्टवेअर घेऊन आला. एकात आवाज रेकॉर्ड करायचा, कापायचा, साफ करायचा. दुसऱ्यात ते वाक्य शॉर्टकटला बांधून टाकायचं. कंट्रोल ऑल्ट पी दाबलं की कॉम्प्युटर माझ्या आवाजात पाणी मागणार.
"आवाज हाये तवर भरून ठेवा, सर," म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.
मीनल लग्नाआधी वापरायची तो डेस्कटॉप समोरच्या खोलीत फडक्याखाली पडला होता. पोरीचं यंत्र, चालू झालं.

१३ जाने.
कामाला लागलो. सकाळी गुळण्या केल्या की आवाज थोडा वेळ बरा असतो, मग फाटतो. कोणती वाक्यं घ्यायची? पाणी. चहा. पंखा बंद कर. दुखतं आहे. मीनलसाठी फोनवरचं, पोचलीस का? यादी लवकर संपली. इतका बोलणारा माणूस मी, आणि घरात एवढंच बोलतो? मन खट्टू झालं.
देशकरनं शिकवलेलं: कंट्रोल झेड, चुकलं की एक पाऊल मागे. शिफ्ट धरून डिलीट, की फाईल कचरापेटीतही न जाता थेट गायब. हे दुसरं फार आवडलं.

१६ जाने.
आज हिनं मधेच खोलीत येऊन रेकॉर्डिंग बिघडवलं. काहीतरी विचारत होती. शिफ्ट डिलीट. कुकरची शिट्टी, खोकला, अडखळणं, तेही सगळं उडवलं. आता एकेक वाक्य कसं स्वच्छ. देशकर म्हणाला, सर, रेडिओच. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

१४ फेब्रुवारी
घरी. गळ्याला भोक, श्वास तिथूनच. नाकाला काम उरलं नाही, फोडणी करपली तरी पत्ता लागत नाही. ऑपरेशनला निघताना काहीतरी नीट बोलून जायचं मनात होतं. पण दारात शेजारचं कुत्रं आडवं आलं, त्याला हाड म्हटलं. या घरातला माझा शेवटचा शब्द तो.

१५ फेब्रु.
पहिल्यांदा कंट्रोल ऑल्ट पी दाबलं. "मला पाणी हवे आहे." खणखणीत.
ही डोक्यावर पदर घेत आली. कोन आलं, म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. मी स्वतःकडे बोट दाखवलं, पुन्हा दाबलं. ती उभीच.
"तुमी घरी असं कवा बोलले? मले वाटलं कोनी सायब आले."
पाणी आणून दिलं. ग्लास ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही.
सगळी वाक्यं ऐकली. प्रत्येक तसंच. घरी मी 'पानी आन वं' म्हणायचो. माईक समोर आला आणि मी सत्कार समारंभात उभा राहिलो. आवाज भरून ठेवला, पण तो स्टेजवरच्या माणसाचा. हिच्या नवऱ्याचा एक शब्द नाही त्यात. आणि आता नव्यानं बोलता येत नाही. गाढवपणा. निव्वळ गाढवपणा.

१८ फेब्रु.
कॉम्प्युटरला हात लावत नाही. टाळी वाजवतो, पाटीवर लिहितो. आज न्हाणीत रडलो. रडण्यालाही आवाज नसतो आता, हे कोणी सांगितलं नव्हतं.

२० फेब्रु.
इथून पुढं बोलत होतो तसंच लिहीन. रोजनिशीत कोनता सत्कार हाये?
देशकरले बोलावलं. पाटीवर लिहून सांगतलं, मी जे उडवलं ते पाह्यजे. खोकल्यासकट. त्यानं अजून एक फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं, पुसलेल्या फायली शोधून काढनारं. म्हने, जिथं दुसरं काही येऊन बसलं ते गेलं, बाकी नशीब. दुपारभर चालू होतं ते. बऱ्याच फायली निंघाल्या, उघडल्या नाईत. एक उघडली.
आधी माहा खोकला. मंग हिचा आवाज, दारातून.
"तुमी वापस येसान न?"
मंग मी. फाटका, चिडलेला.
"थांब न वं, रेकॉर्डिंग चालू हाये."
संपलं. पुढं काहीच नाई.
देशकर उठून आंगनात गेला. मले आठवतच नाई ती असं विचारत होती म्हनून. मरनाच्या भेवानं तिनं विचारलं अन् मी वाक्यं साफ करत बसलो होतो. लाज वाटली.
मागं पाह्यलं तं ही दारात उभी. ऐकलं होतं तिनं. मी पाटीवर लिहिलं, पुसून टाकू?
"काहून?" म्हने. "हेच त तुमी आहा. बाकीचं पुसा."

२३ फेब्रु.
बाकीचं पुसलं. एकच ठेवलं. कोनती बटनं दाबा लागते ते तिनं विचारून घेतलं. माऊसले कधी हात नाई लावला या बाईनं. काल आंघोळीले गेलतो तं समोरच्या खोलीतून माहा आवाज आला, थांब न वं. थोड्या वेळानं पुन्हा. मी नळ बंद करून उभा राह्यलो. बाहीर आल्यावर ती सैपाकघरात होती.

२ मार्च
नागपूर. तपासनी. गळ्यात एका जागी डॉक्टरचा हात थांबला. बारीकसा तुकडा काढून पाठवला, रिपोर्ट यायचा हाये. हिनं डॉक्टरले काहीच विचारलं नाई. मलेही नाई.
तिथंच एक बाई बोलनं शिकवते. हवा गिळायची, ढेकरासारखी वर आनायची, तिच्यावर शब्द बसवायचा. कित्येक जन शिकले म्हने. मले शिसारी आली. पाटीवर लिहिलं, हे माईकवर चालन का? बाई हसल्या नाई. म्हनल्या, घरच्याइले चालते.

५ मार्च
रिपोर्ट नाई आला. कॉम्प्युटर बंद.
दुपारी ही दाराबाहेरच्या ओट्यावर तुरीची दाय निवडत होती. सामने जाऊन बसलो. वापस येसान न, असं तिनं जानेवारीत विचारलं त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलतं. ते उत्तर माह्या हातात नाई, रिपोर्टमधी काय निंघते ते निंघन. तरी होकार द्यायचा होता, अन् मीच द्यायचा होता.
हवा गिळली. नुसती ढेकर आली. पुन्हा गिळली. पुन्हा तेच, ती मान खाली घालून खडे काढत राह्यली, मले लाज वाटू नये म्हनून.
मंग एकदा निंघालं. हाव. बेडकाचा बरा, असा आवाज.
तिचा हात सुपात थांबला.
"काय म्हनले?"
पाटी आत होती. उठलो नाई. हवा गिळली.