खोट कुणात होती

११ जानेवारी २०२५

बाबांचं तेरावं झालं. मोठी आई आली होती — काशीदहून, एसटीने, एकटी. बाबांची पहिली बायको. सहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून बाबांनी तिला माहेरी धाडलं आणि माझ्या आईशी लग्न केलं. दोन वर्षांत मी झालो. मग काय, शिक्कामोर्तबच!

आली ती ओटीवरच बसून राहिली. आतून कुणीतरी म्हणालं, "तिला पुढं कशाला बोलावता? वांझ ती." तिला ऐकू गेलं असणार. आईलाही. आई खाली मान घालून वाढत राहिली.

मीही गप्प. चौतिसाव्या वर्षी, पीएच.डी. होऊन — गप्प!

१३ जानेवारी

कॉलेज सुरू. लॅबमधले माझे कृमी जिवंत आहेत! माझी विद्यार्थिनी रुचिता रोज नागावहून अलिबागला येऊन प्लेटा बदलत होती. रविवारीसुद्धा. तिचे नीट आभारही मानता आले नाहीत.

१६ जानेवारी

आईचं अलिबागला बँकेत काम होतं. ते उरकून लॅबमध्ये आली. पहिल्यांदाच! तिला सूक्ष्मदर्शकाखाली कृमी दाखवले. जेमतेम मिलिमीटरभर, काचेसारखे आरपार. पोटातली अंडी ओळीने दिसतात. आई बघतच राहिली.

"ह्यांचं करतोस काय?"

सांगितलं. हा कृमी शुक्राणूही स्वतःच बनवतो आणि अंडीही. काहींच्या अंड्यांतून पिल्लं येतच नाहीत. मग खोट अंड्यात की शुक्राणूत? ते बघायला त्याच्याजवळ एक धडधाकट नर सोडायचा — ह्यांच्यात क्वचित निव्वळ नरही निपजतात. तरी पिल्लं नाहीत, तर खोट बहुधा अंड्यात. पिल्लं झाली, तर अंडी चांगली होती — खोट शुक्राणूत. माणसांत असं करून बघता येत नाही, पण बरीच जनुकं त्यांच्यात आणि आपल्यात मिळतीजुळती. म्हणून इथे शोधायचं.

आईने भिंगावरचा डोळा काढला नाही. "दुसरा नर सोडला की कळतं?"

"कळतं."

चहा न घेताच गेली.

१७ जानेवारी

आई जेवली नाही. विचारलं तर म्हणे पित्त झालंय.

१९ जानेवारी

घरामागच्या वाडीत सुपाऱ्या वेचत होतो. आई अचानक म्हणाली, "त्या किड्यांचं सांगितलंस ना. तसंच झालंय."

"काय तसंच?"

"मला वर्षभर काय न्हाय झालं. मलाही माहेरी धाडायची भाषा सुरू केली ह्यांनी. स्वतः डॉक्टरकडे जायला तयार न्हाय. मी घाबरले रे." पडलेली झावळी ओढून बाजूला केली. मग दुसरी. "तू ह्यांचा न्हाईस."

मी सुपाऱ्यांची टोपली खाली ठेवली.

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनी कधी विचारलं न्हाय."

"मग कोण?"

"तो आता न्हाय. मी आपल्या मनानं गेले होते, एवढं ध्यानात ठेव. नाव नको विचारू."

आता लिहायला बसलोय तर एकच आठवतंय. बाबांनी मला पाठीवर घेऊन समुद्रात पोहायला शिकवलं. ते बाबाच. त्यात बदल नाही.

पण मोठी आई? लोक मला बघून तिला वांझ म्हणाले. मीच पुरावा! माझ्या प्रयोगात हा निकाल आला असता, तर मी उलटं लिहिलं असतं — खोट नरात. आणि तिला तर कुणी तपासलंच नाही.

२० जानेवारी

दोन प्लेटा हातातून पडल्या. रुचिता म्हणाली, "सर, तुम्ही घरी जा."

घरी कुणाकडे जाऊ?

२३ जानेवारी

आईशी बोललो नाही. चार दिवस झाले. ती ताट झाकून ठेवते.

२६ जानेवारी

आईच म्हणाली, "मला काशीदला ने."

मोठी आई तिच्या भावाच्या, हरेश्वरमामांच्या होमस्टेमध्ये भाकऱ्या करते. पर्यटकांची दुपारची गर्दी ओसरली होती. आई तिच्याशेजारी चुलीपुढे बसली. मी दारात.

"अक्का, खोट तुझ्यात नव्हती. ह्यांच्यात होती." मग आईने सगळं सांगितलं. माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. रडत सांगितलं.

मोठ्या आईने थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. उलटली. फुगेपर्यंत बघत राहिली.

"जेवून जा दोघं."

बस्स! एवढंच! मी म्हणालो, तेराव्याला जे बोलले त्या सगळ्यांना जाऊन सांगतो. तिने नुसती मान हलवली — नको.

तिला समजलं की नाही, तेच मला कळेना.

२ फेब्रुवारी

आज एकटाच गेलो. "त्या दिवशी काहीच का बोलली नाहीस?"

मोठी आई म्हणाली, "लग्नाच्या चौथ्या वर्षी डाक्टरीणबाईनं तपासलं होतं मला. म्हणाली, तुझं सगळं ठीक हाय, नवऱ्याला आण. तो आला न्हाय. मग तू झाल्याचं कानावर आलं, तेव्हाच समजले मी."

"तेव्हाच? एका शब्दात मोकळी झाली असतीस!"

"व्हय. अन् तू कुठं गेला असतास रे?"