झोकिरचा चावलेला नान

ओयी, सासूबाई,

स्वयंपाकघराचं खोकं बांधू नका, आधी हे वाचा.

झोकिरभावजींनी रशियाला कामाला जाताना एक घास चावून ठेवलेला नान, परतल्यावर ते उरलेला खातील म्हणून तुम्ही पिशवीत घालून भिंतीवर टांगलेला. आज आपलं इस्तंबूलला जायचं सामान भरताना ती पिशवी शिळ्या तुकड्यांची समजून मी शेजारच्या गाईला घातली.

भावजींना फोन केला. ते हसले. "वहिनी, तूच नवा चावून टांग. म्हातारीला दातांतला फरक कुठे कळतोय!"

चावला. टांगायला हात उठेना. तो ओट्यावर आहे.

तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत नाही, म्हणून शेजारी मुहब्बतखालांकडे बसले आहे.

रागवायला तरी हाक मारा.

मावलुदा