मागच्या सीटवरचं वजन

सुनील,

जिवंतपणी तुला कायम अहो म्हटलं. आता नाही म्हणणार.

काल महेश तुझी गाडी दुरुस्त करून दारात घेऊन आला. मागचं दार उघडून म्हणाला, "वहिनी, बसा. कुडपणला जाऊन येऊ." धाकट्या भावाने तुझं नेमकं हेच उचलावं? तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आपलं लग्न झालं त्या वर्षी महाडच्या गॅरेजात तू त्या जुन्या लांबड्या गाडीत मोठं इंजिन बसवलंस. ताकद सगळी मागच्या चाकांना. एकदम रेस दिली की चाकं जागच्या जागी गरगरायची, रबर जळायचं, गाडी पुढे जायच्या ऐवजी मागून डुलायची. बघणारे टाळ्या वाजवायचे. तुझं म्हणणं, मागे वजन हवं. आधी डिकीत वाळूची पोती टाकलीस, मग मला मागे बसवलंस. नवी नवरी मी, मला वाटलं मान दिलास. शेजारी का बसवत नाहीस हे कळायला कुडपणचा घाट दोनदा चढावा लागला.

सातव्या महिन्यातही बसवलंस. आठवतं? एका हाताने पोट सांभाळत मी पुढची सीट घट्ट धरली होती आणि तू आरशात बघून म्हणालास, "आता दोघांचं वजन. बघ कशी पकड घेते." तुझ्या त्या हसण्याची मला अजून चीड येते.

तुझा भागीदार अन्वरभाई किती समजावायचा. नुसत्या वजनाने भागत नाही, झटका बसला की मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मुरगळतात, चाक उड्या मारतं. पाट्यांना रॉड लावून आवळ, टायर रुंद घाल, आणि मुख्य म्हणजे रेसवरचा पाय हळूहळू दाब. रॉड लावलेस, टायरही घातलेस. पायाचं तेवढं ऐकलं नाहीस. हळूच दाबायचा तर इंजिन कशाला बसवलं, म्हणालास. इतकं काय दाखवायचं होतं, आणि कुणाला रे?

त्या दिवशी आपल्या पूर्वाला ताप होता. मी येत नाही म्हटल्यावर दार आपटून एकटाच निघालास. कशेडी घाटात रस्ता ओला होता. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने नंतर सांगितलं, वळणातच टँकरला ओलांडायला तू रेस दिलीस, मागची चाकं घसरली आणि गाडी गर्रकन फिरून डोंगरावर आदळली. पोलादपूरला नेईपर्यंत तू गेला होतास.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना तुझी आई मला म्हणाली, "तू मागं बसली असतीस तर गाडी फिरली नसती गो." वर्षभर ते वाक्य गिळत राहिले. मला हे ऐकावं लागलं ते कुणामुळे, सांग ना?

काल महेशने दार उघडलं तेव्हा आई ओटीवरच बसल्या होत्या. मी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि त्यांना म्हटलं, "आई, गाडी फिरली ती मी नव्हते म्हणून नाही. यांच्या पायाने फिरली."

वाटलं, ओरडतील. त्या अंगणाकडे बघत म्हणाल्या, "त्याला लहानपणापासून कुणी नाय म्हटलंच नाय." आणि उठून आत गेल्या. त्यांच्यावरचा माझा राग थोडा उतरला. तुझ्यावरचा नाही.

अन्वरभाई उद्या इंजिन उतरवून नेणार आहे. महेश माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे.

पूर्वा अजून लहान आहे. एक दिवस विचारेल, बाबा कसे गेले? घाट वाईट, रस्ता ओला, टँकर मध्ये आला, असं गावात सगळे सांगतील. मी तिला खरं सांगेन. तुझ्या हातात कसब होतं, हे सांगेन. आणि वळणात पाय दाबलास तो तुझ्या मर्जीने, हेही सांगेन. तुला सांभाळून घेण्यासाठी मी तिच्याशी खोटं बोलणार नाही. एवढा शब्द देते.

सविता