चार नंबरच्या सिगारबद्दल खुलासा

एस्तेली, मंगळवार

तीर्थरूप आबेलिनोदादा यांना मेव्हणा रुफिनोचा वाकून नमस्कार.

तुमचा खोकला, वहिनींची पाठ आणि त्या मारक्या खेचराचा पाय, तिन्ही आता उताराला लागले असतील अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक. म्हणजे माझी जीभ सोलवटली आहे, पोटात आग आहे, आणि तुमची बहीण दिग्ना गेले आठ-नऊ दिवस माझ्याशी फक्त "वाढू का" एवढंच बोलते, तेही पातेल्याकडे बघून. ही हकीकत तुमच्या हालापाच्या बाजारात तुम्हाला कोणीतरी तिखटमीठ लावून सांगितलीच असेल. तिखट त्यात मुळातच पुरेसं आहे, म्हणून खरं काय ते कळवतो.

आमच्या मालकांनी, हिल्बेर्तोशेठनी, यंदा एक जहाल सिगार काढायचं मनावर घेतलं. परदेशी गिऱ्हाइकाला म्हणे आता सौम्य काही नको, झोंबलं पाहिजे. (झोंबूनच घ्यायचं तर आमच्या शेजारणीशी कुंपणावरून दोन शब्द बोलावेत, पण माझं ऐकतो कोण.) तर तंबाखूच्या शेंड्याची, उन्हात तापलेली जाड पानं आत भरून सिगार वळणाऱ्यांच्या पाच बाकांवरून पाच नमुने करून घेतले आणि नुसते नंबर घालून माझ्यापुढे ठेवले. कोणत्या हातांनी वळली ते चाखणाऱ्याला सांगायचं नाही, हा नियम. एकतीस वर्षं मी हेच करतो आहे. लोकांना वाटतं, काय चैन आहे! सकाळी सातला कोरडा पाव आणि घोटभर पाणी घेऊन असली सिगार बुडापर्यंत ओढायची आणि वर ती कशी वाटली ते सुवाच्य अक्षरात लिहायचं, ही चैन असेल तर तुमचा बैल नांगराला जुंपता ती त्याची सहलच म्हणायची.

चार नंबरची आधी न पेटवता ओढून पाहिली. मनुका आणि वाळल्या गवताचा वास. बरं वाटलं. पेटवली, आणि पहिल्याच झुरक्याला काळी मिरी थेट नाकात. डोळ्यांत पाणी आलं, पण तक्रार नव्हती. मध्यावर कडू चॉकलेट, चामडं, जळकी कॉफी, सगळं शिस्तीत एकामागून एक आलं. मग शेवटचा भाग. धूर ओढता ओढता गाल आत गेले, सिगारची एक बाजू जळतेय, दुसरी थंड, म्हणजे वळताना दाब सारखा पडलेला नाही. मी लिहिलं: "पानं उत्तम, मेळ उत्तम. वळणारीचा उजवा अंगठा शेवटाला दमतो. या हातांना रोजचं काम झेपणार नाही." अंगठ्यापर्यंत पोहोचलो याचा मला तेव्हा अभिमानही वाटला. (तो इथे मागे घेतो.)

मालकांनी कागद सत्तर माणसांच्या दालनात भिंतीला लावला आणि नंबरांपुढे नावं लिहिली. चार नंबरपुढे दिग्ना.

जेवताना मी विचारलं, अंगठा दुखतो का. ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं एका घरात राहता, आणि हे तुम्हाला धुरातून कळलं होय? नाताळापासून भाकरी डाव्या हाताने थापतेय. दिसलं नाही?"

दादा, नव्हतं दिसलं. भाकरी गोल होती.

"आणि कळलंच होतं, तर कानात सांगायचं. भिंतीवर कशाला?" एवढं बोलून ती उठली, आणि तेव्हापासून पातेलंच काय ते आमच्यामध्ये दुभाषी.

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे गेलो. म्हटलं, कागद फाडा, आदल्या दिवशी बारशाला मिरची खाल्ली होती, जीभ जाग्यावर नव्हती. शेठ म्हणाले, "रुफिनो, तुमची जीभ चुकायला लागली असेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." बघा म्हटलं. "मग सगळ्यांसमोर परत ओढा." दिग्नाने वळलेली दुसरी सिगार आणली. मी उपाशीपोटी, दालनाच्या मधोमध, चेहरा हसरा ठेवून ओढू लागलो. धूर अडतोय हे कळू नये म्हणून जोर लावून, घाईने ओढत होतो, आणि मधूनमधून "वा, काय मोकळी आहे!" म्हणत होतो. चौथ्या "वा"ला छप्पर खाली आलं. मी पानांच्या ढिगात आडवा. सर्वांत आधी दिग्ना पोहोचली आणि तिने डाव्या हाताने एक ठेवून दिली. शुद्धीवर आणायला, असं तिचं म्हणणं.

मी नोकरी गेली असं धरूनच डोळे उघडले, तर शेठ टाळ्या वाजवत होते. एकतीस वर्षं मुरलेल्या माणसाला जी आडवं करते, तीच सिगार आपली! चार नंबर पक्की झाली. पुढच्या महिन्यापासून दिग्नाच्या बाकावर रोज अडीचशे. तिने मानेने हो म्हटलं आणि उजवा हात हळूच एप्रनखाली घातला. या खेपेला मी पाहिलं.

आता थकलो, पुरे करतो. वहिनींना नमस्कार.

आपला, भिंतीवर लागलेला,
रुफिनो

ता. क. एक विनंती होती. तुमच्या कोठारात पानं निवडायला बसून काम करणारं जाणतं माणूस हवं आहे, आणि दिग्नाशिवाय अडलं आहे, असं तिला लिहाल का? माझं ऐकणार नाही, तुमच्या शब्दाला नाही म्हणणार नाही. माझं नाव त्यात नको. मी इथे एकटा राहीन, भाकरी येते मला.

ता. क. दुसरा. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. दादा, मी दिग्ना. पाकीट टपालात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणजे जीभ सोडून बाकीचं कसं चालतं बघ. यांना भाकरी येत नाही. तू लिही, यांनी सांगितलं तसंच लिही, मी थोडी भांडून हो म्हणेन. पण माणसं दोन पाहिजेत असं लिही. त्या दिवशी पडले तेव्हा ओठ निळे झाले होते आणि किती वेळ माझा आवाज यांना ऐकू येत नव्हता, ते यांना माहीत नाही, म्हणून पत्रातही नाही. काय काम द्यायचं ते तू ठरव. धुराचं नको.