राहिलेला हात

नाशिक, मे १९९८

शमुवेल,

बाबांच्या बाजाच्या पेटीचा भाता अजून माझ्या कानात फुसफुसतो. भजन संपलं की ते म्हणायचे, "माझा थोरला सुवार्ता घेऊन समुद्रापार जाईल." थोरला मी, आणि बायकोमुलांसह केनियाला निघालास तू! मी आपला जन्मभर वर्गात समुद्राच्या कविता शिकवत राहिलो.

रविवारी देवळात सगळ्या वडीलधाऱ्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मी बाकावरून उठलोच नाही. तुझ्या एस्तेरला म्हटलं, "गुडघे धरलेत गं." खोटं होतं ते. मला तुझा हेवा वाटत होता. अजूनही वाटतो.

बाहेर गाडी थांबली. तुम्ही तर एव्हाना विमानतळाच्या वाटेवर असायला हवं होतं! आणि दारात तू, मान वाकवून उभा.

"दादा, तुझा हात राहिलाय."

थांब, उठतो.

तुझा थोरला,
दाविद