अर्धा पगार, अख्खी शेळी

गारखेडा,
बुधवार, दुपार

आदरणीय मुक्ताअक्कास,

धाकट्या अभयचा दोन्ही हात जोडून जय भीम.

तुझे गुडघे बरे असतील, दाजींची शुगर आटोक्यात असेल आणि तुमच्या अंगणातला शेवगा यंदाही माझ्याकडे एक शेंग न पाठवता भरभरून लागला असेल, अशी आशा करतो. इकडे माझी तब्येत ठीक आहे. हातांना तेवढ्या चिरा पडल्या आहेत (भांड्यांच्या पावडरीने, एकटा माणूस नुसता चहा पितो तरी ओट्यावर भांड्यांचा ढीग कसा लागतो, हे मला अजून कळलेलं नाही). आपल्या घरांमध्ये जेमतेम दोन गल्ल्या, तरी याला पत्र लिहायची काय अवदसा आठवली, असं तुला वाटेल. तर अक्का, तू माझा फोन उचलत नाहीस. समक्ष आलो तर दार आमच्याच जुन्या कामवाल्या बानाबाई उघडतात आणि "अक्का घरी नाय" असं माझ्या तोंडावर सांगतात. तेव्हा तू त्यांच्या मागंच झोपाळ्यावर बसून शेंगदाणे सोलत असतेस. परवा तर तू मला हातही केलास. म्हणून हे पत्र पेपरवाल्या बद्रीनाथच्या हाती देतो आहे. पेपर तरी तू दारातून परत पाठवत नाहीस.

तुला हे प्रकरण एकाच बाजूने कळलं आहे, म्हणून मी माझी बाजू मांडतो (मांडता मांडता माझी बाजू नेमकी कोणती, याचा माझाच गोंधळ होतो आहे, पण ते सोड). सम्यकला मुलगी झाली, सूनबाईची रजा संपत आली आणि आम्हा दोघांना बंगळुरूला महिनाभर येऊन राहा म्हणून बोलावणं आलं, हे तुला माहीत आहेच. निघताना बॅगांची चेन ओढता ओढता निशाने मला सांगितलं, की बानाबाईंना महिन्याचा पूर्ण पगार आधीच देऊन या. मी पैसे घेऊन फाटकापर्यंत गेलो. फाटकापाशी मला विचार करायची बुद्धी झाली आणि तिथंच घात झाला. म्हटलं, घर तर बंद राहणार. धुणं नाही, भांडी नाही, फरशी नाही. मग पूर्ण पगार कशाचा?

अक्का, हा प्रश्न कोणाला पडला, ते बघ. ज्याने अठरा वर्षं कर्मचारी संघटनेचं चिटणीसपद भूषवलं, त्याला. 'काम नाही तर वेतन नाही' हे परिपत्रक निघालं तेव्हा जो साहेबाच्या दारात उपोषणाला बसला होता, त्याला (तू पदराखाली आणलेली थालीपीठं खाऊन, पण बसला होता). दर एक मे ला मुठी आवळून मी सांगायचो, की पगारी रजा हा उपकार नाही, हक्क आहे. त्या वाक्याला हमखास टाळ्या पडायच्या. फाटकापाशी ते वाक्य मला आठवलंच नाही. घराची किल्ली हातात देत मी बानाबाईंना म्हणालो, काम काही नाही, तरी अर्धा पगार ठेवा, आणि नुसतं पाणी आलं की भरा, एक थेंबही वाया जाऊ देऊ नका. त्या "बरं" म्हणाल्या. तसलं आखूड "बरं" मी जन्मभर वाटाघाटीच्या टेबलावर स्वतः वापरलं, पण दुसऱ्याच्या तोंडून ओळखता आलं नाही. (शेजारचे तात्यासाहेब गावाला गेले की बाईला एक पैसा देत नाहीत, त्यामुळे गाडीत बसताना मला स्वतःचा जरा अभिमानच वाटत होता.) वाचलेल्या अर्ध्या पगारात बंगळुरूच्या एका मॉलमध्ये दोन कॉफ्या आणि केकचा एक तुकडा आला. कॉफी कडू होती.

आता आपल्याकडचं पाणी तुला सांगायला नको. आज येईल म्हणावं तर चार दिवसांनी येतं, सकाळी म्हणावं तर भर दुपारी येतं. त्यामुळे मी ज्याला 'नुसतं पाणी' म्हणत होतो, त्यासाठी बानाबाई रोज येऊन फाटकाशी बसत होत्या आणि त्या वेळात मिळालेलं दुसरं काम सोडत होत्या. हे मला मागाहून कळलं. शिवाय घरात वापरायला कोणी नाही, म्हणजे पहिल्याच पाण्याला टाकी आणि हौद काठोकाठ. पुढच्या वेळी पाणी ठेवायचं कुठं? आणि थेंब तर वाया घालवायचा नाही.

मी निशाच्या आधी एकटाच परत आलो (मुलाच्या घरी मी सोफ्यावर लोडासारखा पडून असतो, असं तिचं म्हणणं पडलं). दार उघडलं तर घरभर पाणी. सांडलेलं नाही, भरलेलं. बादल्या, घागरी, कुकर, कढया, पुरणाचं पातेलं, बरण्या, थर्मास, निशाच्या ठेवणीतले सगळे कप. कपाटातला माझा 'आदर्श चिटणीस' हा चषकसुद्धा काठोकाठ भरून बशीत ठेवला होता. हे माझ्या सूचनेचं पालन होतं की माझा सूड, हे मला अजून कळलेलं नाही आणि बानाबाईंना विचारायची छाती नाही. दुसऱ्याच दिवशी डासांच्या अळ्या तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी बॅटरी मारून एकेका भांड्यात डोकावून पाहिलं आणि सगळं पाणी माझ्याच हाताने गटारीत ओतायला लावलं. चषकात सगळ्यात जास्त अळ्या निघाल्या. तात्यासाहेब कुंपणावरून बघत होते.

बानाबाई मात्र आल्या नाहीत. मग तुझा तो फोन आला, शेवटचा. त्या आता तुझ्याकडे काम करतात आणि तू त्यांना पूर्ण पगार देतेस, हे तू सांगितलंस. वर हेही सांगितलंस, की माझ्या अर्ध्या पगारामुळे त्यांचा गल्लीतल्या भिशीचा हप्ता चुकला, भिशीची पाळी दुसरीला गेली आणि करमाडच्या बाजारात त्यांनी पसंत करून ठेवलेली शेळी तिसऱ्याच कोणी नेली. "आता दे भाषण," असं म्हणून तू फोन ठेवलास. अक्का, त्या दिवशी हॉलमध्ये बसून मला जेवण गेलं नाही. समोर बाबासाहेबांचा फोटो. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

इथपर्यंत मी नुसता कंजूष होतो. पुढं मी उदार झालो, आणि खरी फजिती तिथं सुरू झाली. मी ठरवलं, शेळीच आणून द्यायची! गाडी काढली आणि करमाड गाठलं. बानाबाईंचे भाऊ पुंजाराम तिकडेच शेळ्या-मेंढरं राखतात आणि विकतात. तुमच्या बहिणीसाठीच घेतो आहे म्हटल्यावर ते भाव कमी करतील, असा माझा हिशेब होता. त्यांनी वाढवला. "बहिनीला द्यायची म्हंजी चांगलीच द्या की साहेब, हलकी कशाला?" म्हणाले. खिसा रिकामा करून मी शेळी मागच्या सीटवर घातली. जालना रोडभर ती माझ्या कानाशी ओरडत होती. सिग्नलला एका रिक्षावाल्याने वाकून विचारलं, "चचा, मीटर से बिठाए क्या?"

तिथून मी थेट तुझ्या फाटकाशी आलो. तू खिडकीत होतीस, पण आतून ऐकू आलं नसेल म्हणून सांगतो. मला वाटलं होतं, बानाबाईंचे डोळे भरून येतील (मी 'असू द्या, असू द्या' म्हणायची तयारीसुद्धा केली होती). त्या साबणाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी शेळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मी बकरी मागितली व्हती का साहेब?"

मी म्हटलं, नाही, पण तुमची हुकली म्हणून.

"माझी मी घेनार व्हते, माझ्या पैशानं. ही घेतली तर गल्लीत म्हंतील, साहेबानं बकरी दिली. लई उपकार केले. मला उपकार नाय पायजे. माझा अर्धा पगार पायजे."

मी खिशात हात घातला. खिशातलं सगळं पुंजारामांकडे गेलेलं. पगार द्यायला पैसे नाहीत आणि दातृत्व गाडीत ओरडतंय, अशी माझी अवस्था. मग त्या जे बोलल्या, ते मला अजून ऐकू येतं. म्हणाल्या, "मी सुट्टी मागितली नव्हती. सुट्टी तुमची व्हती. तुमी गावाला गेलते, माझं पोट हितंच व्हतं." अठरा वर्षांच्या माझ्या भाषणांत हे एक वाक्य नव्हतं. असतं तर परिपत्रक आठवड्यात मागे घेतलं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन आलो, तर म्हणाल्या, "आता निशाताई येनार म्हनून देताय व्हय? आन् पुढल्या टायमाला काय?" मी म्हणालो, पुढचं पुढं बघू (सवय, अक्का, मागण्या टांगून ठेवायचं हे वाक्य साहेब आम्हाला ऐकवायचे). त्यांनी दार लावून घेतलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

रविवारी निशा येते आहे, सोबत चार दिवसांसाठी सूनबाई आणि नात. पूर्ण पगार दिला नाही, हे निशाला माहीत नाही. शेळी तर तिला स्वप्नातही दिसलेली नसेल. ती पार्किंगमध्ये बांधली आहे आणि तिने जास्वंद, कढीपत्ता आणि संघटनेने निरोपाला दिलेली शाल खाऊन टाकली आहे. असो. दाजींना जय भीम. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा भाऊ,
अभय

ता. क. खरं काम असं, की शनिवारपासून बानाबाईंची सकाळ मला परत दे. दुपार तुझी. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, पण कंसातलं वगळ.

ता. क. २. सोबतच्या पाकिटात त्यांचा राहिलेला अर्धा पगार आहे. दाराशी घेणार नाहीत, पण तुझ्या हातून घेतील. भिशीची पाळी मात्र मला परत आणता येत नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

ता. क. ३. निशाला यातलं काही सांगू नकोस.

ता. क. ४. हे पत्र दुसऱ्यांदा लिहिलं आहे. पहिलं याहून भारदस्त होतं. त्यात परिस्थितीचं विवेचन होतं, माफी नव्हती. ते मी पायरीवर वाळत ठेवलं असताना शेळीने खाल्लं.

ता. क. ५. कंसातलंही वाच. निशाला मीच सांगतो. आणि इथून पुढचं बानाबाईंसाठी आहे.

बानाबाई, चुकलं माझं. पुढच्या वेळी आम्ही गावाला जाऊ, तेव्हा तुमचा महिना पूर्ण, जायच्या आधी हातात. पाणी भरायची अट नाही. सुट्टी आमची, तुम्ही म्हणालात तसंच. शेळी तुम्हाला देत नाही, घाबरू नका. ती माझी मीच पाळणार. तेवढं ती काय खाते ते सांगा, कढीपत्ता संपला आहे.